एस. पी. रोडला जाण्याआधी : घरच्या कॉम्प्युटरसाठी परवडणारं ग्राफिक्स कार्ड

मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला तपकीर गल्ली, तसा आमच्या बेंगळुरूला एस. पी. रोड. पूर्ण नाव सादर पत्रप्पा रोड. टाउन हॉलकडून चालत जाता येतं, नाहीतर मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेवर चिकपेटला उतरायचं. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, वरच्या मजल्यांवरही दुकानं, आणि प्रत्येक ठिकाणी ग्राफिक्स कार्डांचे खोके रचलेले. इथे नोकरीला आलेली आपली बरीच मराठी मंडळी घरच्या कॉम्प्युटरसाठी पहिली चक्कर इथेच मारतात.

आजचा विषय एका नेहमीच्या प्रश्नातून आलाय. मुलगा अकरावीला आहे किंवा मुलगी डिझाइन शिकते आहे. घरात एक जुना डेस्कटॉप आहे, हातात पंधरा-वीस हजार आहेत आणि मुलांचा धोशा चालू आहे : ग्राफिक्स कार्ड हवं. कोणतं घ्यायचं?

एका वाक्यात उत्तर देता येत असतं तर हा भाग केलाच नसता. पंधरा-वीस हजार ही मध्यमवर्गीय घरात लहान रक्कम नाही. चुकीचं कार्ड आणलं तर ते एकतर मशीनमध्ये बसतच नाही, किंवा बसतं पण चालत नाही, किंवा चालतं पण फरक काहीच पडत नाही. म्हणून आज क्रमाने जाऊ. आधी गरज, मग मशीन, मग कार्ड आणि शेवटी दुकान. हा क्रम उलटा केला की पैसे गेलेच म्हणून समजा.

पहिला प्रश्न : कार्ड हवंच आहे का?

ग्राफिक्स कार्डाचं काम काय? पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणं. १९२० बाय १०८०चा साधा फुल एचडी मॉनिटर घेतला तर त्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे दर सेकंदाला हे २०.७ लाख ठिपके ६० वेळा नव्याने रंगवायचे. हे काम एकट्या प्रोसेसरला झेपत नाही, म्हणून हजारो छोटे गणकयंत्री हात असलेली वेगळी चिप लागते.

पण एक्सेल, टॅली, ऑनलाइन क्लास, यूट्यूब, पायथॉन किंवा सी प्लस प्लस शिकणं, एवढंच असेल तर? मग प्रोसेसरमध्ये आधीपासून असलेली ग्राफिक्स चिप पुरते. कॉलेजच्या प्रोग्रामिंगला ग्राफिक्स कार्ड लागतं, असं मुलं ठामपणे सांगतात. बहुतेक वेळा ते गेमसाठी असतं. गेमसाठी मागितलं तरी काही वाईट नाही, फक्त कारण खरं कळलं की निवड सोपी होते.

इथे एक स्वस्त उपाय सांगतो. प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप कॉम्प्युटरची साधी रॅमच वापरते. १६ जीबीची एकच पट्टी लावण्यापेक्षा ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या की मेमरीकडे जायचे रस्ते दोन होतात, आणि अशा चिपचा वेग बराच वाढतो. रायझन ५ ५६००जी किंवा त्यानंतरच्या ८६००जीसारख्या प्रोसेसरवर हलके गेम असेच छान चालतात. तेव्हा कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडून पट्ट्या मोजा.

आणि एक खबरदारी. इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स चिप नसते. तिथे कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येणार नाही.

कार्ड खरंच कुणाला लागतं? ज्यांना गेम खेळायचेत, ज्यांना ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय काम करायचंय, ज्यांना नियमित व्हिडिओ एडिटिंग करायचंय, आणि ज्यांना एआयचे छोटे प्रयोग घरच्या मशीनवर करायचेत, त्यांना.

दुसरा प्रश्न : तुमचं मशीन कोणतं?

बेंगळुरूची एक खासियत आहे. इथल्या कंपन्या काही वर्षांनी ऑफिसचे डेस्कटॉप बदलतात आणि ती डेल, एचपी, लेनोवोची मशीनं नूतनीकरण होऊन बाजारात येतात. स्वस्त असतात, टिकाऊ असतात आणि त्यामुळे बऱ्याच घरांत तीच असतात. पण ऑफिसचं मशीन गेमसाठी बनवलेलं नसतं. चार गोष्टी तपासा.

एक, उंची. बारीक, पुस्तकासारखा उभा किंवा आडवा डबा असेल तर त्यात पूर्ण उंचीचं कार्ड मावतच नाही. त्याला 'लो प्रोफाइल' म्हणजे अर्ध्या उंचीचं कार्ड लागतं. शिवाय कार्ड एका खाचेची जागा घेतं की दोन खाचांची, तेही मोजा. घरून निघताना टेपने लांबी, रुंदी, उंची मोजा आणि आतला फोटो काढून न्या.

दोन, पॉवर सप्लाय. अशा बारीक मशीनमध्ये तो साधारण १८० ते २४० वॅटचा असतो आणि कार्डासाठी वेगळी वायर नसते. मदरबोर्डच्या मोठ्या खाचेतून नियमानुसार कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. काही ऑफिस मशीनमध्ये ही मर्यादा त्याहून कमी ठेवलेली असते, म्हणून मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल बघाच. थोडक्यात, असं मशीन असेल तर ७५ वॅटच्या आतलं, वेगळी वायर न लागणारं कार्डच शोधायचं.

मोठं कॅबिनेट असेल तरी सप्लायवरच्या स्टिकरवर विश्वास ठेवताना जपून. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या सप्लायवर '४५०' छापलेलं असतं, पण ते मॉडेलचं नावही असू शकतं. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि १२ने गुणा. १६ अँपिअर असेल तर १९२ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः याच रकान्यातून जेवतात. आकडा कमी असेल आणि दुकानदार म्हणाला, "जोडणी वायर देतो, चालेल", तर हात जोडा आणि पुढच्या दुकानात जा. सप्लाय जळताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही सोबत नेऊ शकतो, आणि डिस्कवरचे फोटो कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत.

तीन, खाचेची पिढी. पीसीआय एक्सप्रेसच्या प्रत्येक पिढीत वेग दुप्पट होतो. सहाव्या ते दहाव्या पिढीच्या इंटेल मशीनमध्ये तिसरी पिढी आहे. काही स्वस्त कार्डं १६ लेनऐवजी चारच लेन वापरतात. एएमडीचे आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही अशी उदाहरणं. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्या चार लेन निभावून नेतात, तिसऱ्या पिढीवर मात्र त्यांचा वेग अर्धा होतो आणि कार्डाची मेमरी भरली की गेम अडखळायला लागतो. म्हणजे जुन्या मशीनसाठी म्हणून जे स्वस्त कार्ड घेतलं, ते जुन्या मशीनवरच जास्त लंगडतं.

चार, मशीनचं उरलेलं आयुष्य. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. तुमचं मशीन सहाव्या पिढीचं असेल तर त्यात वीस हजारांचं कार्ड घालण्याआधी, हेच कार्ड पुढच्या मशीनमध्ये नेता येईल का, हा विचार करा.

टाकी आणि पाइप

आता कार्डाकडे. दुकानात सगळ्यात जास्त फसवणूक एका आकड्यावरून होते, तो म्हणजे मेमरी. "४ जीबीचं कार्ड आहे सर, फक्त इतक्याला!"

बेंगळुरूच्या घरात पाण्याची व्यवस्था कशी असते, आठवा. खाली सम्प, वर टाकी आणि मधे पाइप. टाकी हजार लिटरची असली, पण पाइप बोटाएवढा असला, तर सकाळी दोन नळ एकदम उघडल्यावर धार लागत नाही. कार्डाची मेमरी ही टाकी. ती मेमरी सेकंदाला किती माहिती देऊ शकते, ती बँडविड्थ म्हणजे पाइप.

जीटी ७३० नावाचं कार्ड २०१४चं. त्याची ४ जीबी डीडीआर३ मेमरीची आवृत्ती बाजारात फार फिरली. तिचा पाइप फार तर सेकंदाला २९ जीबीचा. जीटीएक्स १६५० हे २०१९चं कार्ड, त्यातही ४ जीबीच, पण पाइप १२८ जीबीचा. टाकी सारखी, पाइप चौपटीहून जाड. शिवाय जीटी ७३० आणि जीटी ७१०च्या केप्लर पिढीला एनव्हिडियाने २०२१पासून नवे गेम ड्रायव्हर देणं थांबवलंय. ही कार्डं आज पडदा जोडायला ठीक आहेत, गेमसाठी नाहीत.

दुसरा सापळा एकाच नावाचा. जीटी १०३० दोन प्रकारांत आलं. २०१७चं जीडीडीआर५ मेमरीचं आणि २०१८चं डीडीआर४चं. नाव तेच, खोका जवळपास तोच, पण पहिल्याचा पाइप ४८ जीबी आणि दुसऱ्याचा सुमारे १७. तसंच आरटीएक्स ३०५०. जानेवारी २०२२मध्ये आलेलं ८ जीबीचं कार्ड २५६० कोअरचं, २२४ जीबी पाइपचं आणि १३० वॅटचं. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेलं ६ जीबीचं २३०४ कोअरचं, १६८ जीबी पाइपचं आणि ७० वॅटचं. फक्त २ जीबीचा फरक आहे, असं समजू नका. ते वेगळंच कार्ड आहे. पण ७० वॅट ही त्याची जमेची बाजू, हे आता कळलं असेलच.

म्हणून खोक्यावर तीन गोष्टी वाचा. मेमरीचा प्रकार, ती किती बिटची आहे, आणि पूर्ण मॉडेल नाव. अर्धं नाव ऐकून पैसे काढू नका.

कोणासाठी कोणतं

भाव आठवड्याला बदलतात, त्यामुळे मी किमती सांगत बसत नाही. जागेप्रमाणे आणि कामाप्रमाणे सांगतो.

बारीक ऑफिस मशीन असेल तर जीटीएक्स १६५०चं लो प्रोफाइल मॉडेल मिळालं तर उत्तम. नवं घ्यायचं तर आरटीएक्स ३०५०चं ६ जीबी, तेही लो प्रोफाइलमध्ये येतं, फक्त दोन खाचांची जागा लागते. जागा एकाच खाचेची असेल तर आरएक्स ६४००, ते ५३ वॅटचं आहे. पण चार लेनची गोष्ट लक्षात ठेवा. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम खेळताना रेकॉर्डिंग केलं तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. घरात कुणी यूट्यूब चॅनेल काढायचं म्हणत असेल तर हे कार्ड नको.

मोठं कॅबिनेट, पण सप्लाय साधा असेल, तर पुन्हा आरटीएक्स ३०५० ६ जीबी. सप्लाय न बदलता चालणारं हे सगळ्यात निर्धोक कार्ड.

मोठं कॅबिनेट आणि चांगला ५०० वॅटचा सप्लाय असेल तर गेमसाठी एएमडीचं आरएक्स ६६०० बघा. ८ जीबी, १३२ वॅट, आठ पिनची एक वायर. २०२१चं कार्ड असलं तरी फुल एचडीवर ते आरटीएक्स ३०५०च्या ८ जीबीपेक्षाही चांगलंच पुढे आहे. थोडं बजेट वाढत असेल तर आरटीएक्स ४०६० किंवा २०२५मध्ये आलेलं आरटीएक्स ५०५०, दोन्ही ८ जीबीची.

इंटेलचं आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४मध्ये आलेलं १२ जीबीचं कार्डही मोहात पाडतं. ते चांगलं आहे, पण नव्या मशीनसाठी. त्याला रिसायझेबल बार ही सोय चालू असलेला मदरबोर्ड लागतो. ती नसली तर वेग फार घसरतो, आणि जुन्या प्रोसेसरबरोबरही ते मंदावतं.

ब्लेंडर किंवा एआय शिकणाऱ्यांसाठी मात्र माझं मत वेगळं आहे. तिथे एनव्हिडियाच घ्या. कूडा आणि ऑप्टिक्स ही त्यांची व्यवस्था इतक्या सॉफ्टवेअरमध्ये मुरलेली आहे, की शिकणाऱ्याचा वेळ जुळवाजुळवीत जात नाही. गेममध्ये थोडं मागे पडेल, पण शिकताना अडणार नाही.

आणि नवे मोठे गेम खेळायचे असतील तर एक लक्षात घ्या. डिसेंबर २०२४मधल्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल'सारख्या गेमला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर असलेलंच कार्ड लागतं. जीटीएक्स १६५० किंवा १६६०मध्ये ते नाही. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जुना जीटीए ५ एवढंच खेळायचं असेल तर ही अडचण येणार नाही.

वीज आणि यूपीएस

विजेच्या बिलाची भीती अनेकांना असते. हिशोब करू. १३० वॅटचं कार्ड रोज तीन तास पूर्ण भाराने चाललं, तर महिन्याला ११.७ युनिट. ७० वॅटचं असेल तर ६.३ युनिट. फरक ५.४ युनिटचा. युनिटला सहा रुपये धरले तर महिन्याला साधारण ३२ रुपये. म्हणजे बिल हे कारण नाही.

खरा प्रश्न यूपीएसचा. पावसाळ्यात इथे वीज पटकन जाते. अपार्टमेंटला जनरेटर असला तरी तो सुरू व्हायला काही सेकंद लागतात. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस सहसा ३६० वॅटच देतो. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून तीनशेच्या जवळ गेले आणि बॅटरी जुनी असली, तर गेमच्या मध्यात वीज जाताच यूपीएस शिट्टी मारून बंद पडतो. कार्ड वाढवलंत तर यूपीएसचाही विचार त्याच बजेटमध्ये करा.

दुकानात

गंमत बघा. एएमडीने आपलं जगातलं सगळ्यात मोठं डिझाइन केंद्र नोव्हेंबर २०२३मध्ये बेंगळुरूतच उघडलं. एनव्हिडिया आणि इंटेलचे इंजिनिअरही याच शहरात चिपांवर काम करतात. पण चिप तयार होते तैवान-कोरियात, आणि कार्ड आयात होऊन येतं. त्यामुळे इथे स्वस्त मिळेल, ही आशा नको.

भाव करताना दोन-चार कन्नड शब्द उपयोगी पडतात. 'येष्टु' म्हणजे किती. 'स्वल्प कम्मी माडी' म्हणजे थोडं कमी करा. 'कम्मी' ऐकलं की आपल्याला परकं वाटतच नाही. तीन दुकानांत भाव विचारा, ऑनलाइन भावही मोबाइलवर बघून ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'बिल कोडी', बिल द्या.

बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. १८ हजारांच्या कार्डात सुमारे २,७५० रुपये कराचे. "बिल नको असेल तर तेवढे कमी करतो" असं कुणी म्हटलं तर भुलू नका. बहुतेक कार्डांना तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि ती मागताना बिल व सिरियल नंबर दोन्ही लागतात. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि तो कार्डावरच्या नंबरशी तिथल्या तिथे जुळवा. भारतात वॉरंटी कुठलं सेवा केंद्र देतं, ते खोक्यावरच्या आयातदाराच्या स्टिकरवर असतं. तो स्टिकर नसेल तर माल बाहेरून आलेला असू शकतो आणि इथे वॉरंटी मिळेलच असं नाही. पुढे दाद मागायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर बिलासकटच बोलता येतं.

वापरलेलं कार्ड

१५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर त्याचं उत्खनन करणं बंद झालं. रात्रंदिवस राबलेली हजारो कार्डं जगभरातल्या जुन्या बाजारात आली. अशा कार्डाची चिप सहसा ठीक असते. पंखे आणि मेमरीवरचे उष्णता वाहून नेणारे पॅड मात्र दमलेले असतात.

वापरलेलं घ्यायचं तर चालवून बघितल्याशिवाय नाही. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर न्या. जुन्या कार्डाला नव्या कार्डाचं नाव चढवून विकतात, तशा खोट्या कार्डांपैकी बरीच ते ओळखतं. आरएक्स ५८० म्हणून दिलेलं कार्ड २३०४ कोअरचं आहे की २०४८चं, तेही त्यात दिसतं. २०४८वालं चीनच्या बाजारासाठी काढलेलं कमी ताकदीचं मॉडेल आहे. मग पंधरा मिनिटं पूर्ण भार देऊन चालवा. पडद्यावर रंगीत चौकोन, रेघा किंवा पंख्याचा खरखराट आला तर परत फिरा. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५पासून थांबलेत, त्यामुळे त्या कार्डांना आता फार किंमत देऊ नका.

घरी आणल्यावर

मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डाला जोडा. ही साधी गोष्ट राहून जाते आणि "कार्ड घालूनही काही फरक नाही" अशी तक्रार येते. जुन्या मॉनिटरला फक्त निळा व्हीजीए पोर्ट असेल तर आजच्या कार्डांवर तो नसतो, वेगळा कन्व्हर्टर लागतो. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर आधी काढा, मग नवा टाका. खोका आणि बिल तीन वर्षं जपून ठेवा.

तर मंडळी, दुकानात शिरण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहून न्या. काम काय, कॅबिनेटची जागा किती, सप्लायचे १२ व्होल्टचे वॅट किती, मदरबोर्ड कोणत्या पिढीचा आणि यूपीएस किती व्हीएचा. या पाच ओळी हातात असल्या की दुकानदारही तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतो. आणि त्या लिहिताना कार्डाची गरजच नाही, रॅमची एक पट्टी पुरेल असं लक्षात आलं, तर उरलेल्या पैशांत एक चांगला मॉनिटर किंवा एसएसडी घ्या. घरातले सगळेच वापरतील.

पुढच्या भागात एसएसडीबद्दलच बोलू. तुमच्या मशीनचा मॉडेल नंबर लिहून प्रश्न पाठवा, म्हणजे नेमकं उत्तर देता येईल.